दहा टक्क्यांहून जास्त पडलेले

"शेअर शोधून देणारी सॉफ्टवेअर ढीगभर आहेत, पण हे फुकट आहे," असं म्हणत पुण्याहून आलेल्या सरांनी पडद्यावर चाळणी लावली: एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडलेले.

पहिलंच नाव आमच्या गावच्या केमिकल कंपनीचं आलं. गुरुवारी तिथला बॉयलर फुटून सहा माणसं गेली होती. जळका वास अजून येत होता, म्हणून आम्ही खिडक्या लावून बसलो होतो.

"कारण शोधत बसू नका," सर म्हणाले. "माणूस भावनेत अडकतो, सॉफ्टवेअर अडकत नाही. पडलेला शेअर म्हणजे संधी!"

मला शिसारी आली. माझ्या शेजारीच खातूकाका बसले होते. त्यांचा सख्खा पुतण्या त्याच बॉयलरवर होता. परवाच आम्ही त्याला पोचवून आलो. सुतकात कुणी असं कुठं जात नाही, पण क्लासची फी भरलेली, म्हणून काका आले होते. आता ते या टायवाल्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. मी तर वाटच बघत होतो.

काकांनी हात वर केला.

"सर, उद्या बाजार उघडल्या उघडल्या घ्यायचा, की अजून थोडा पडू द्यायचा?"

याच माणसाबरोबर मी तिरडीला खांदा दिला होता!

सरांनी कुठल्या भावाला घ्यायचा ते सांगितलं. हॉलभर पेनं चालायला लागली.

माझंसुद्धा.