पहिली प्रत

माझी चित्रकथा छापण्यासाठी ज्यांनी आगाऊ पैसे दिले, त्यांच्यासाठी मी मोजक्या खास प्रती काढल्या. प्रत्येकीवर क्रमांक, सही आणि वरून सीलबंद वेष्टन. पहिला क्रमांक बाबांनी घेतला, पण मला आनंद झाला नाही. अशा प्रती घ्यायच्या, कपाटात ठेवायच्या आणि भाव चढला की विकायच्या, हा त्यांचा धंदाच होता. वेष्टन ते कधीच उघडत नसत.

वर्षभरात भाव वीसपट झाला. एक संग्राहक थेट घरीच आला.

"काका, पहिली प्रत तुमच्याकडे आहे म्हणे. तुम्ही म्हणाल तो भाव."

सौदा बघवणार नव्हता, म्हणून मी उठले. तेवढ्यात बाबांनी पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग.

"काका, तुम्ही वेष्टन फोडलंत? तुम्ही? अहो, मातीमोल झाली की ही!"

"झाली खरी. पण आलाच आहात तर बसा, नवव्या पानावरचा खेकडा बघून जा. डोळे बघा, कसे काढलेत पोरीने!"