सपाट छताची होडी

माझा मुलगा अंगद नोकरी सोडून शिडाची होडी घेणार होता. दोन वर्षं सुनेसोबत समुद्रावरच राहायचं ठरलं होतं. पण कोणती होडी घ्यावी यावर दोघांचं जमेना, म्हणून माझा जप चालू असतानाच त्यानं फोन लावला.

"आई, मला वरून सपाट होडी पाहिजे. लाट आली तरी वरून निघून जाते, अन् वर ऐसपैस हिंडता येतं. धनश्रीला मात्र वर उंच खोली काढलेली पाहिजे, खिडक्यांची. आता तूच सांग."

मी माजलगावच्या धरणापलीकडं मोठं पाणी पाहिलेलं नाही. मला काही उमजेना.

"म्हंजे आपल्या मातीच्या सपाट माळवदावानीच की," मी म्हणाले. "वर निजायला लई चांगलं. पण खाली अंधार, छताच्या भोकातून, साण्यातून येईल तेवढाच उजेड. अन् वर धरायला काईच न्हाई. लहान लेकरू असलं की जीव टांगणीला लागतो."

तिकडं फोन स्पीकरवर होता. मग धनश्री हळूच म्हणाली, "आई, तुमाला कसं कळलं? मी तर अजून ह्यांनाबी सांगितलं न्हाई."

"काय सांगितलं न्हाई?" अंगदनं विचारलं.