सोमवारचा कप

मिस्त्रीने तलावाचा दरवाजा उचलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरमधून काढलेली रबरी रिंग साहेबांच्या टेबलावर आपटली. रिंग फुगून कडेने सोलवटली होती आणि तिच्यापायी पाणी सोडायचा तो दरवाजा सकाळपासून अर्ध्यावर अडकला होता. खाली गावात नळांना करंगळीएवढी धार.

"घ्या. बाईंच्या तेलाची करामत."

बाई म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. घरी ती मामाला अरे-तुरे करी. इथे ती प्रयोगशाळेतली केमिस्ट आणि तो तिचा वैरी, म्हणून दोघं एकमेकांना दातओठ खात अहो-जाहो करत.

भांडण तेलात घालायच्या औषधावरून होतं. रबर आक्रसू नये, किंचित फुगून घट्ट बसावं म्हणून तेलात औषध घालावंच लागतं. मिस्त्रीचं औषध निळ्या डब्यातलं, तीस वर्षांच्या ओळखीचं, डब्यावर कवटी छापलेली. भाचीने आणलेलं बियांच्या तेलापासून केलेलं, पाण्यात पडलं तर काही दिवसांत आपोआप कुजून जाणारं. सिलिंडर पिण्याच्या पाण्यावरच टांगलेला होता आणि दरवाजा हलला की चार थेंब खाली पडायचेच. साहेबांच्या केबिनचा उंबरा सहा महिने झिजवून तिने तीन आठवड्यांची चाचणी पदरात पाडून घेतली होती. आज चाचणीचा शेवटचा दिवस होता.

"मी आधीच सांगत होतो," मिस्त्री म्हणाला. "पुस्तकं वाचून रबर कळत नाही. उगाच लोकांच्या पाण्याशी खेळ!" त्याचं घर तलावाच्या वरच्या अंगाला होतं. घरच्या विहिरीचं पाणी तो रोज बाटलीत भरून आणी. त्यातले दोन घोट घेऊन त्याने मिशी पुसली.

साहेबांनी लिहायला घेतलं होतं. नवे तेल काढावे, जुने भरावे. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं सापडलं की साहेबांचं अक्षर फार सुंदर येई.

"एक मिनिट," भाची म्हणाली.

खिडकीत तिची बरणी होती. त्याच पुडक्यातली दुसरी रिंग त्याच तेलात तितकेच दिवस बुडवून ठेवलेली. तिने ती चिमट्याने काढली, पुसली आणि लोखंडाच्या खाचेवर ठेवून अंगठ्याने दाबली. रिंग चपखल बसली. मग टेबलावरची फुगलेली उचलून तिने त्याच खाचेवर ठेवली. ती अर्धीसुद्धा आत जाईना.

"तेल एकच, रिंग एकच. म्हणजे सिलिंडरमध्ये आणखी काहीतरी गेलंय. दोन औषधं एकत्र आली की रबर नको तितकं फुगतं. मिस्त्री, निळ्या डब्यातलं घातलंत का?"

नाही म्हणाला असता तर कदाचित सुटला असता. पण स्वतःच्याच कामाला नाही म्हणणं त्याच्या मिजाशीला झेपणारं नव्हतं.

"घातलं! दर सोमवारी एक कप. तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हापासून घालतोय. तुझ्या त्या पाणचट औषधाच्या भरवशावर मी माझा दरवाजा सोडणार होय?"

"म्हणजे रिंग तुम्ही फुगवलीत आणि नाव माझं घेतलंत."

"तीस वर्षांत दरवाजा एकदा अडकला नव्हता. तुझं औषध आलं आणि अडकला. मला एवढंच कळतं."

वाईट असं, की साहेबांनाही एवढंच कळलं. दोहोंतलं एकच ठेवायचं तर सवयीचं बरं. पेन काही त्यांनी खाली ठेवलं नाही. "हे बघा बाई, तुमचं बरोबर असेलही. पण निळा डबा इतकी वर्षं चाललाय. कुणाची तक्रार नाही."

"येईल कशी?" मिस्त्रीला चेव आला. "चार थेंब, आणि केवढा तलाव! सगळं गाव पितं. हिची आई पिते. ही स्वतः याच पाण्यावर वाढली. कुणाला काय धाड भरलीय?"

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं नाव त्याने इथे काढायला नको होतं. ती उठली, कोपऱ्यातल्या नळाखाली तिने पेला धरला. बारीक धारेखाली तो भरायला वेळ लागला. काठोकाठ भरलेला पेला तिने त्याच्यासमोर, फुगलेल्या रिंगेशेजारी ठेवला. पाणी नितळ दिसत होतं.

"पी, मामा."

"मला तहान नाही."

"एवढा ओरडलास. घसा सुकला असेल."

मिस्त्रीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं पेन थांबलं होतं.

"नाटकं नकोत तुझी," तो म्हणाला आणि बोटाने पेला दूर सरकवला. थोडं पाणी कागदावर सांडलं. साहेबांनी ते पुसलं नाही.

घसा मात्र खरोखरच सुकला असावा. त्याचा हात सवयीने घरच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. झाकण अर्धं फिरलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की साहेब आणि भाची दोघंही त्या बाटलीकडेच बघतायत.