उरलेल्या गोळ्या

आईचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, तेव्हा हेमांगीने डॉ. तांबोळींना विचारलं, "औषध बदलायचं का?"

"मॅडम, गणित नको म्हणतंय," ते संकोचून म्हणाले. "कराडचे जंतू अजून सहा वर्षं तरी या औषधाला दाद देतील म्हणे. आणि गणित तर तुमचंच."

खरंच होतं ते. गावाचं नाव घातलं की कोणतं अँटिबायोटिक तिथे किती वर्षं चालेल, हे हेमांगीचं गणित सांगायचं. त्याच्या भरवशावर सरकारने जंतू तपासणाऱ्या प्रयोगशाळाच बंद केल्या होत्या.

आईने डोळे उघडले. "हेमा, फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा आण गं. गेल्या वेळच्या गोळ्या आहेत त्यात. ताप उतरला की मी बंद करते आणि उरलेल्या ठेवून देते. शेजारच्या शकूलाही त्यातल्याच दोन दिल्या होत्या."

तो डबा हेमांगी कशी विसरेल? ती पुण्याला शिकायला निघाली तेव्हा आईने त्यातल्याच चार गोळ्या पुडीत बांधून दिल्या होत्या. गणित मांडताना तिला तो आठवलाही होता. पण हा आपल्याच घरातला अडाणीपणा, सगळे थोडेच असं करतात, असं म्हणून लाजेने तिने तो सोडून दिला होता. प्रत्येक माणूस गोळ्या पुऱ्या घेतो, असंच तिने धरलं होतं.

"आता दुसरं कोणतं औषध चालेल, डॉक्टर?"

"कोण सांगणार, मॅडम?" तांबोळींनी मान खाली घातली. "उरलेल्या गोळ्यांचा असा डबा आमच्याही घरी आहे. अम्मीचा, खारीचा."