सत्काराची चटणी

सूस या उपनगरात अलमासताई बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतात. भाडं वाढलं, गॅस वाढला, पगार वाढले. महापालिकेचं अनुदान तेवढं जागचं हललं नाही. ताईंनी वाढ मागितली की तिथले साहेब त्यांना पुढच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ द्यायचे.

"ताई, शालीवर भात शिजत न्हाई," असं म्हणत स्वयंपाकाच्या रत्नाबाई नारळ फोडायच्या.

यंदा साहेब स्वतः पाहणीला आले. मुलं सत्काराच्या शाली पांघरून झोपली होती. रत्नाबाईंनी साहेबांना भाकरीबरोबर खोबऱ्याची चटणी वाढली. साहेबांचे डोळे पाणावले. ताईंना वाटलं, आता काम झालं.



"वा! संस्था स्वावलंबी झाली की!" साहेब हात धुताना म्हणाले. "आता अनुदान बंद करू, आणि त्याबद्दल तुमचा जंगी सत्कार!"