कुठली गेली तर चालेल?

इंटरनेट कंपनीत मेलचा सर्व्हर सांभाळणारी ती इंजिनियर सकाळपासून सैरभैर झाली होती. ग्राहकांच्या मेल साठवून त्यांच्यापर्यंत पोचवणारं नवं सॉफ्टवेअर आज ठरवायचं होतं. समोर दोन होती, एक वाऱ्यासारखं पळणारं आणि एक रेंगाळणारं. चाचणीत मेल उतरत असतानाच तिने मुद्दाम सर्व्हरची वीज तोडली. रेंगाळणाऱ्याने सगळ्या मेल जशाच्या तशा परत दिल्या. पळणाऱ्याने एक गिळली. तिने पुन्हा वीज तोडली, पुन्हा एक गेली, आणि या वेळी दुसरीच. तिला खुर्चीत बसवेना. ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि तिने चाचणीत काय झालं ते सांगितलं.

"अगं, एखादी गेली तर काय बिघडलं?" साहेब म्हणाले. "उशीर झाला की लोक शिव्या घालतात. हरवलेली तर त्यांना कळतही नाही. पळणारंच घे आणि मोकळी हो."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "सर, तुमच्या मेलबॉक्समधली कुठली गेली तर चालेल?"

"कुठलीही!" साहेब हसले आणि सहज स्क्रीनवर मेल खाली खाली सरकवू लागले. मध्येच त्यांचा हात थांबला.

"ही एक सोडून."

"सॉफ्टवेअरला ते कळत नाही, सर."

साहेबांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"हळू चालणारंच घे," ते म्हणाले. "धाकट्या भावाची आहे. तो गेला त्या दिवशी पाठवलेली. अजून उघडायचा धीर झाला नाही."