पांढऱ्या वाळूतली पिशवी

इतकी घाण लिहून वाचायला द्यायची कुणाला, म्हणून हे लिहिणारच नव्हतो.

तिसरी पिशवी सापडली तेव्हा डॅलिनला उमासे यायला लागले. नीट गाठ मारून, कुणाला दिसू नये अशी दगडामागे खुपसलेली. वर माशा घोंघावत होत्या.

"माणसं आहेत का जनावरं!" तो ओरडला. लाल कड्यांनी त्यालाच ते परत ऐकवलं.

अमेरिकेतल्या युटाच्या या घळींमध्ये एक रीत पाळावीच लागते. हगलेलं इथं पुरायचं नाही. या वाळवंटात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. पिशवीत बांधायचं आणि सॅकला लटकवून गाडीपर्यंत न्यायचं. डॅलिन आणि थेन शाळेत होते तेव्हापासून दर ऑक्टोबरात इथं यायचे, कॉटनवूडच्या झाडांची पानं पिवळी झाली की. आपापली पिशवी लटकवायची आणि वाटभर एकमेकाला नावं ठेवायची.

आता परतीच्या वाटेवर कुणा हरामखोराच्या तीन पिशव्या डॅलिनच्या सॅकला लोंबत होत्या. टाकून येववत नव्हतं. पाऊल टाकलं की मांडीवर आपटत. दुपारी त्यानं ब्रेड तोंडाजवळ नेला आणि तसाच परत ठेवला.

"दे, मी घेतो त्या," मागून थेन म्हणाला. या खेपेला तो जाताना-येताना सारखा मागेच होता.

"तू आधी स्वतःला घेऊन चल, म्हाताऱ्या. सापडू दे तो डुक्कर. त्याच्याच तोंडाला बांधतो की नाही बघ!"

थेन हसला नाही. एरवी त्यानं यावर आणखी घाण काहीतरी चढवलं असतं.

वळणापुढे लाल कडे संपले. पांढरे सुरू झाले. वाळू पिठासारखी. तिथं एक डोमकावळा चौथ्या पिशवीला टोचत होता. डॅलिननं त्याला हाकललं, श्वास रोखला आणि पिशवी उचलली. भोकातून बोटांवर काहीतरी ओलं आलं. ओकारी दाबत तो ओढ्याकडे पळाला.

बोटांवरून लाल पाणी गेलं. माती, त्याला वाटलं. निघाल्यापासून सगळंच लाल होतं. मोजे, नखं, ब्रेडसुद्धा.

मग त्यानं पायाखाली पाहिलं. इथली माती लाल नव्हती.

त्यानं मागे वळून पाहिलं. थेन दगडाला टेकून बसला होता. त्याचं तोंडही वाळूसारखंच पांढरं.

"हात नको रे लावू त्याला," थेन म्हणाला. "माझं आहे. सगळ्या माझ्याच आहेत. परत येताना उचलणार होतो, शप्पथ. तू पुढे सुटलास."

"थेन, रक्त आहे हे."

"म्हणून तर लपवलं. बघितलं असतंस तर पहिल्याच दिवशी मागे फिरवलं असतंस मला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"डॉक्टर काय म्हणाला?"

थेन बुटानं वाळू उकरत राहिला. "त्याला काय सांगू? लाज वाटते यार. तूच बघ ना, सकाळपासून काय काय बोललास."

डॅलिन ओढ्यापासून मागे आला. त्यानं ती फाटकी पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. गाठ मारली. या वेळी ती सॅकला लटकवली नाही, हातात धरली.

"ऊठ," तो म्हणाला. "गावात पोचलो की सरळ दवाखाना. तू तोंडसुद्धा उघडू नकोस. ही पिशवी मी स्वतः नेऊन डॉक्टरच्या टेबलावर ठेवीन. वचन देतो."